कॉम्प्युटर मधेच बंद पडतोय? फॉरमॅट मारण्याआधी हे वाचा



या आठवड्याच्या व्हिडिओत घरच्या डेस्कटॉपबद्दल बोललो. व्हिडिओ बघताना सगळं लक्षात राहत नाही, म्हणून पायऱ्या इथे लिहून देतोय. प्रिंट काढून टेबलाजवळ चिकटवून ठेवा. कॉम्प्युटर बंद पडल्यावर हा लेख उघडणार कुठे, तेही बघायला हवं ना!

तुम्ही म्हणाल, सर, धंदा शिकवता शिकवता हे कॉम्प्युटर रिपेअरिंग कुठून आलं? आपल्यातल्या बहुतेकांचा धंदा घरातल्या एका टेबलावरून चालतो. बिलं, उधारी, जीएसटी, कोटेशन, डिझाइन, ऑनलाइन फॉर्म, सगळं त्या एका डब्यात. तो डबा बंद म्हणजे दुकानाचं शटर खाली. आणि याचा धडा मी स्वतः पैसे मोजून घेतलाय.

माझी चूक, आधी सांगून टाकतो

दिवसा पनवेलला दुकान आणि रात्री घरी हिशोब, असा माझा क्रम. एका जूनच्या शेवटी घरचा कॉम्प्युटर अचानक बंद पडायला लागला. एरर नाही, आवाज नाही. कधी दोन दिवस व्यवस्थित, कधी एका रात्रीत तीनदा. तंत्रज्ञाला बोलावलं. तो म्हणाला, "विंडोज करप्ट आहे, फॉरमॅट मारू." ५०० रुपये. चार दिवस बरे गेले, पुन्हा तेच. मग "रॅम गेली असेल" म्हणून नवी रॅम, १,८०० रुपये. फरक शून्य. १५ जुलैला पुन्हा फॉरमॅट, आणखी ५०० रुपये.

या दुसऱ्या फॉरमॅटच्या वेळी मी घाईत होतो. त्यानं विचारलं, "डेटा कुठे आहे?" मी म्हणालो, "सगळा डी ड्राइव्हला." बिलिंग सॉफ्टवेअरचा डेटा मात्र सी ड्राइव्हमध्ये होता. माझा शेवटचा बॅकअप मे महिन्यातला. म्हणजे पावणेदोन महिन्यांची विक्री आणि उधारी एका एंटरसरशी साफ. चूक त्या मुलाची नाही, उत्तर मी चुकीचं दिलं होतं.

२० तारखेला जीएसटीआर-३बी भरायचा होता. बँकेचं स्टेटमेंट, यूपीआयची यादी, कच्च्या पावत्या जुळवत २४ तारखेला भरला. रोजचे ५० याप्रमाणे २०० रुपये लेट फी आणि वर व्याज. ते किरकोळ. खरा फटका उधारीत बसला. आठवून आठवून, लोकांना विचारून साधारण ४० हजारांची यादी केली. बहुतेकांनी प्रामाणिकपणे पैसे दिले, पण ७ हजार आलेच नाहीत. आणि गिऱ्हाइकाला फोन करून "तुमच्याकडे आमचे किती बाकी आहेत?" असं विचारताना जे वाटतं, ते मी तुम्हाला शिकवू शकत नाही.

शेवटी दुखणं काय निघालं, ते पुढे सांगतो. आधी पद्धत.

पायरी ०ः आधी डेटा, मग दुरुस्ती

कॉम्प्युटर चालू होतोय तोवरच बॅकअप घ्या. तपासणी, साफसफाई, फॉरमॅट, सगळं त्यानंतर.

बिलिंग सॉफ्टवेअर उघडून त्याचा डेटा नेमका कोणत्या फोल्डरमध्ये आहे ते बघा आणि तो पत्ता वहीत लिहा. डेस्कटॉपवर आणि डाऊनलोड्समध्ये ठेवलेल्या फाइल्स सी ड्राइव्हमध्येच असतात, हे पुष्कळांना माहीत नसतं. सगळ्याच्या दोन प्रती काढा. एक बाहेरच्या हार्ड डिस्कवर किंवा पेन ड्राइव्हवर, दुसरी ऑनलाइन. गूगल खात्यात १५ जीबी जागा फुकट मिळते, छोट्या धंद्याच्या हिशोबाला ती पुरते. पेन ड्राइव्ह काम झाल्यावर काढून ठेवा. सतत लावून ठेवलेला पेन ड्राइव्ह म्हणजे बॅकअप नाही.

आणि एक प्रत उघडून बघा. न उघडलेला बॅकअप म्हणजे न मोजता घेतलेले सुट्टे पैसे.

पायरी १ः "कधीही बंद पडतो" हे वाक्य विसरा

आपण म्हणतो "कधीही बंद पडतो". कॉम्प्युटर कधीही बंद पडत नाही, काहीतरी घडलं की पडतो. ते काहीतरी आपण टिपलेलं नसतं, एवढंच.

एक शंभर पानी वही घ्या. पाच रकाने आखा. तारीख आणि वेळ. कॉम्प्युटर किती वेळ चालू होता. त्या क्षणी आपण काय करत होतो. स्क्रीनवर काय दिसलं. घरात दुसरं काय चालू झालं किंवा बंद झालं. शेवटचा रकाना सगळ्यात महत्त्वाचा.

ही वहीची पद्धत जुनी आहे. ९ सप्टेंबर १९४७ रोजी अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठाच्या मार्क टू या यंत्रात बिघाड झाला, तेव्हा तपासणाऱ्यांना एका रिलेमध्ये अडकलेला पतंग सापडला. त्यांनी तो किडा चिकटपट्टीनं नोंदवहीतच चिकटवून ठेवला. ते पान आजही वॉशिंग्टनच्या संग्रहालयात आहे. आपल्याकडे कॅबिनेटमध्ये मुंग्या, झुरळं, पाल काहीही निघू शकतं. पण मुद्दा किड्याचा नाही, नोंदीचा आहे.

पायरी २ः बंद कसा पडतो, ते ओळखा

"बंद पडला" याचे चार अर्थ होतात आणि चौघांची कारणं वेगळी.

पहिला, एकदम अंधार. बटण बंद केल्यासारखा जातो किंवा स्वतःच रीस्टार्ट होतो, कसलाही संदेश नाही. संशय विजेवर, यूपीएसवर, एसएमपीएसवर किंवा गरम होण्यावर.

दुसरा, निळा पडदा आणि त्यावर एखादा कोड. विंडोज ११ च्या नव्या आवृत्तीत हा पडदा काळा आहे. संशय ड्रायव्हर, रॅम, डिस्क.

तिसरा, गोठणं. चित्र दिसतं, माऊस हलत नाही. संशय डिस्क, ग्राफिक्स, रॅम, कधी उष्णता.

चौथा, एकच प्रोग्राम बंद होतो, बाकी सगळं चालू. मग कॉम्प्युटरला दोष देऊ नका. तो प्रोग्राम अपडेट करा किंवा काढून परत टाका.

निळा पडदा क्षणात निघून जात असेल तर विंडोजच्या प्रगत सिस्टिम सेटिंगमध्ये "स्टार्टअप अँड रिकव्हरी" शोधा आणि तिथली आपोआप रीस्टार्टची खूण काढा. पुढच्या वेळी पडदा थांबून राहील. मोबाइलनं फोटो काढा.

पायरी ३ः विंडोजलाच विचारा

स्टार्ट दाबून "रिलायबिलिटी" टाइप करा. "रिलायबिलिटी हिस्ट्री" नावाचं पान उघडेल. त्यात तारखेप्रमाणे लाल फुल्या दिसतात. कोणत्या दिवशी काय बंद पडलं आणि त्याच्या आधी कोणतं अपडेट किंवा सॉफ्टवेअर आलं, हे एका नजरेत कळतं. फुल्या एखाद्या तारखेपासूनच सुरू झाल्या असतील, तर त्या तारखेला काय बसवलं ते बघा.

जास्त खोलात जायचं असेल तर "इव्हेंट व्ह्यूअर" उघडा, त्यात "सिस्टिम". तिथे "कर्नेल-पॉवर, ४१" असा एक इव्हेंट दिसेल. इथे पुष्कळ जण फसतात. ४१ दिसला की "एसएमपीएस गेला" असं ठरवून नवा आणतात. ४१ एवढंच सांगतो की कॉम्प्युटर नीट बंद न होता थांबला. तो निकाल आहे, कारण नाही. त्याच्या तपशिलात "बगचेक कोड" शून्य असेल तर विंडोजला काही लिहायलाही वेळ मिळाला नाही. बहुतेक वेळा वीज गेली, किंवा मशीन गोठलं आणि आपण बटण दाबून बंद केलं. कोड शून्य नसेल, तर निळा पडदा येऊन गेलाय.

"डिस्क" या नावानं ७ क्रमांकाचा इव्हेंट दिसला तर डिस्कवर खराब जागा आहे. बाकीचं सोडा आणि आधी डेटा काढा.

पायरी ४ः वीज, म्हणजे माझ्या घरातला चोर

आता माझी गोष्ट पूर्ण करतो. दुसऱ्या फॉरमॅटनंतर तिसऱ्याच दिवशी मशीन परत बंद पडलं, तेव्हा मी वही घातली. ११ दिवसांत ९ नोंदी झाल्या. सहा वेळा मी नुकतीच प्रिंट दिली होती. दोनदा सोसायटीचा पाण्याचा पंप चालू होण्याची वेळ होती. एका नोंदीचं कारण मला आजही माहीत नाही.

माझा लेझर प्रिंटर यूपीएसलाच जोडलेला होता. लेझर प्रिंटरमध्ये टोनर कागदावर पक्का करायला हीटर असतो. झोपलेला प्रिंटर प्रिंट दिल्यावर जागा होतो, तेव्हा तो हीटर एकदम शेकडो वॅट ओढतो. घरातला साधा ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॅटच झेलतो, त्यावर कॉम्प्युटर आणि मॉनिटर आधीच. व्होल्टेज पडलं की यूपीएस बॅटरीवर जायला बघायचा, आणि बॅटरी तर चार वर्षं जुनी, मेलेली. झालं, अंधार! पंप चालू झाल्यावरही व्होल्टेज क्षणभर पडायचं आणि तेच व्हायचं.

उपाय काय? प्रिंटर भिंतीच्या वेगळ्या सॉकेटवर, यूपीएसला नवी बॅटरी. सगळं मिळून १,३५० रुपये. त्याआधी चुकीच्या औषधांवर २,८०० घातले होते आणि उधारीचे ७ हजार वेगळेच.

म्हणून वीज आधी तपासा. लेझर प्रिंटर, मिक्सर, इस्त्री, हीटर यांतलं काहीही यूपीएसवर नको. प्लगची तिसरी पिन तोडलेली नाही ना ते बघा. सैल सॉकेट, जळकट वास, काळा डाग दिसला तर सॉकेट बदलून घ्या. अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून मोजून घ्या. ते काम आपलं नाही.

यूपीएसची बॅटरी तपासायची सोपी युक्ती आहे. कॉम्प्युटर चालू करून बायोसच्या पडद्यावर ठेवा. बहुतेक मशीनमध्ये सुरू होताना डिलीट किंवा एफ-२ दाबलं की तो येतो. तिथे विंडोज चालू नसतं, त्यामुळे फाइल्सना धोका नाही. आता यूपीएसचं भिंतीवरचं बटण बंद करा. कॉम्प्युटर लगेच गेला तर बॅटरी संपलीय.

याच पडद्यावर मशीन अर्धा तास नुसतं ठेवून बघा. तिथेही बंद पडलं तर दोष विंडोजचा नाही, हार्डवेअरचा किंवा विजेचा आहे. ही फुकटची चाचणी केली असती तर माझे दोन्ही फॉरमॅट वाचले असते.

पायरी ५ः धूळ आणि उष्णता

सुरू केल्यावर वीस-पंचवीस मिनिटांनी किंवा जड काम चालू असतानाच बंद पडतो? दुपारी जास्त, पहाटे कमी? मग उष्णता तपासा. बायोसमध्ये किंवा तापमान दाखवणाऱ्या एखाद्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये प्रोसेसरचं तापमान बघा. नुसता बसलेला असताना ४०-५० अंश ठीक. कामात ८० पर्यंत जाणं चालतं. ९५-१०० च्या आसपास जात असेल तर तो जीव वाचवायला आधी मंद होतो आणि मग बंद.

आपल्याकडे बांधकामांची धूळ बाराही महिने, आणि पावसाळ्यात ओल. दोन्ही मिळून पंख्यावर चिखलासारखा थर बसतो. मुख्य वायर काढा, पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून धरा, मग झाकण उघडा. कॅबिनेटच्या धातूला हात लावा, म्हणजे अंगावरची स्थिर वीज उतरेल. मऊ ब्रश आणि ब्लोअरनं धूळ काढा. ब्लोअर मारताना पंखा बोटानं धरून ठेवा. जुन्या मशीनच्या प्रोसेसरवरची थर्मल पेस्ट वाळलेली असते, ती बदलून घ्या. कॅबिनेट भिंतीला चिकटवून किंवा बंद कपाटात ठेवू नका.

एक कडक सूचनाः एसएमपीएसचा डबा उघडायचा नाही. वायर काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये वीज राहते. तो बदलायचा, उघडायचा नाही.

पायरी ६ः रॅम आणि डिस्क

दरवेळी वेगळाच कोड येत असेल तर रॅमवर संशय घ्या. रॅम काढा, सोनेरी कडा पांढऱ्या खोडरबरनं हलक्या हातानं पुसा, भुगा झटका, परत नीट "टक" आवाज येईपर्यंत बसवा. दमट हवेत एवढ्यानंच कितीतरी मशीन बरी होतात. मग स्टार्टमध्ये "मेमरी डायग्नोस्टिक" टाइप करून चाचणी लावा. रात्रभर चालू ठेवायची असेल तर मेमटेस्ट-८६ पेन ड्राइव्हवरून चालवा. दोन रॅम असतील तर एक काढून दोन दिवस, मग दुसरी काढून दोन दिवस.

डिस्कसाठी क्रिस्टलडिस्कइन्फो हे फुकट सॉफ्टवेअर आहे. ते डिस्कची तब्येत रंगानं सांगतं. पिवळा किंवा लाल दिसला तर नवी डिस्क घ्या, जुनीवर धंदा ठेवू नका. हार्ड डिस्कमधून "टक-टक" येत असेल तर कॉम्प्युटर बंद करा आणि डेटा काढून देणाऱ्या जाणकाराकडे न्या.

पायरी ७ः सॉफ्टवेअर, सगळ्यात शेवटी

बघा, जी गोष्ट आपण पहिली करतो, ती यादीत शेवटी आहे. पण सॉफ्टवेअर निर्दोषच असतं असंही नाही. १९ जुलै २०२४ आठवतोय? क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेटमुळे जगभरातली विंडोजची सुमारे ८५ लाख मशीन निळी पडली. आपल्या देशातही काही विमानतळांवर बोर्डिंग पास हातानं लिहून द्यावे लागले. त्या दिवशी कोणी नवी रॅम घालून उपयोग नव्हता.

त्याच वर्षी इंटेलनंही मान्य केलं की १३व्या आणि १४व्या पिढीच्या काही डेस्कटॉप प्रोसेसरमध्ये जादा व्होल्टेजमुळे मशीन अस्थिर होतात. त्यासाठी बायोसमधून येणारी दुरुस्ती दिली आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. तुमच्याकडे या पिढीचा आय-५, आय-७ किंवा आय-९ असेल तर मदरबोर्ड कंपनीचं नवं बायोस अपडेट टाकलंय का, ते विचारा.

आपल्या पातळीवर करायचं काय? फुल्या सुरू होण्याआधी आलेला ड्रायव्हर किंवा सॉफ्टवेअर काढून बघा. मग कमांड प्रॉम्प्ट अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडून एस-एफ-सी, स्पेस, प्रश्नचिन्हाच्या बटणावरची तिरकी रेघ आणि तिला लागून स्कॅननाऊ, अशी आज्ञा द्या. विंडोज स्वतःच्या बिघडलेल्या फाइल्स दुरुस्त करतं. चोरीचं विंडोज आणि क्रॅक केलेलं सॉफ्टवेअर वापरत असाल तर या पायरीला अर्थच उरत नाही. हिशोबाच्या मशीनवर ते नकोच.

हे सगळं करून भागलं नाही, तरच फॉरमॅट. आणि तोही पायरी ० परत करून.

एका वेळी एकच बदल

बॅटरी बदलली, रॅम पुसली, ड्रायव्हर टाकला, सगळं एकाच दिवशी केलं आणि मशीन बरं झालं. कशामुळे? माहीत नाही. पुढच्या वेळी परत पहिल्यापासून. म्हणून एक बदल करा, वहीत लिहा, दोन-तीन दिवस बघा, मग दुसरा. धंद्यातही हेच. जाहिरात, भाव आणि दुकानाची वेळ एकाच आठवड्यात बदलली तर विक्री कशानं वाढली ते कधीच कळत नाही.

तंत्रज्ञाला बोलावताना

"दादा, बंद पडतोय, बघून जा" म्हणू नका. वही समोर ठेवा. तीन प्रश्न विचारा. कारण काय वाटतं आणि ते कशावरून? सुटा भाग बदलण्याआधी दुसरा लावून बघता येईल का? जुना भाग मला परत मिळेल ना? चांगला तंत्रज्ञ या प्रश्नांनी चिडत नाही, उलट त्याचं काम सोपं होतं. त्याच्या वेळेचे पैसे मात्र घासाघीस न करता द्या. आपल्यालाही आपल्या वेळेचे हवे असतातच.

दुरुस्ती की नवा?

माझा साधा नियम सांगतो. मशीन सात वर्षांच्या पुढचं आणि दुरुस्ती नव्याच्या एक तृतीयांशापेक्षा महाग, तर नवं घ्या. शिवाय विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय. जुनं मशीन विंडोज ११ घेत नसेल तर दुरुस्तीवर मोठा खर्च करण्याआधी दोनदा विचार करा. स्वस्तात भाग मिळतील म्हणून लॅमिंग्टन रोड गाठणार असाल, तर जाण्यायेण्यात गेलेला अख्खा दिवस आणि त्या दिवसाची बुडालेली विक्रीही भागाच्या किमतीत धरा. बिल आणि वॉरंटीचा कागद घेतल्याशिवाय परत येऊ नका.

या आठवड्याचा गृहपाठ

१. तुमच्या बिलिंग सॉफ्टवेअरचा डेटा कुठे साठतो, ते शोधून कागदावर लिहा.
२. दोन प्रती काढा, त्यातली एक उघडून तपासा.
३. यूपीएसला काय काय जोडलंय ते टेबलाखाली वाकून बघा.
४. बायोसच्या पडद्यावर बॅटरीची चाचणी घ्या.
५. वही आखून ठेवा, मशीन बरं असलं तरी.

पाचही कामं मिळून दोन तासांच्या वर जाणार नाहीत. रविवारी दुपारी बसा. घरातल्या एकाला तरी बॅकअप कसा घ्यायचा ते शिकवा, कारण आपण आजारी पडलो तरी २० तारीख थांबत नाही.

आणि त्या ७ हजारांचं म्हणाल तर ते मी आता फी समजतो. दर शनिवारी दुकान बंद करून घरी आलो की जेवणाआधी बॅकअप घेतो. बायको विचारते, "झालं का?" हो म्हटल्याशिवाय ताट वाढत नाही.

भेटू पुढच्या व्हिडिओत. तोवर डेटा सांभाळा, धंदा आपोआप सांभाळला जाईल.